बिनहोडीचे नाखवा

आमच्या घरमालकांना सगळा कोळीवाडा नाखवा म्हणायचा. नाखवा म्हणजे होडीचा धनी. आमच्या घरमालकांकडे होडी नव्हती. तीन पावसाळ्यांपूर्वी धक्क्याच्या दगडांवर आपटून ती फुटली, आणि तेव्हापासून ते नवी होडी बघत होते. लोक मुलाला स्थळं बघतात तसे ते होड्या बघत. चहा प्यायचा, चौकशी करायची, घरी येऊन कळवतो म्हणायचं आणि कळवायचं नाही.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. बाबांनी नव्या शहरात फ्लॅट बुक केला होता. त्याचा ताबा आज मिळेल, उद्या मिळेल असं चाललं होतं, म्हणून आम्ही दादरची खोली सोडून बेलापूरजवळच्या त्या कोळीवाड्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि घरी बसले होते. शाळा-कॉलेज इंग्रजीत झालेलं, त्यात स्वभाव बुजरा. दारात कोणी आलं की मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायची.

राहायला आलो त्या दिवशी नाखवा न विचारता सरळ आत आले. बुटके, काळेसावळे, पायांची बोटं पंख्यासारखी फाकलेली. आमच्या लाकडी कपाटावर त्यांनी बोटाच्या पेराने तीन ठिकाणी टकटक केली, कान लावला आणि आईला म्हणाले, "खालची फली कच्ची हाय. जड कपडे वर ठेवा." मग खुर्चीत बसायच्या आधी ती चारी बाजूंनी हलवून पाहिली आणि शेवटी जमिनीवरच बसले.

आई घाबरून गेली. पण दोन महिन्यांनी कपाटाची खालची फळी खरोखरच सुटली, आणि तेव्हापासून आई नवी वस्तू घरात आली की त्यांना हाक मारायला लागली. प्रेशर कुकरसुद्धा त्यांनी वाजवून पास केला होता.

त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणत असू. घर मावशीच चालवायच्या. पहाटे मुंबईला धक्क्यावर जाऊन मासळी विकत आणायची आणि नव्या वसाहतीच्या बाजारात बसून विकायची. ह्यात मावशींना वाईट कशाचं वाटतं ते मला बरेच दिवस कळलं नाही. एकदा आईने सहज विचारलं, "आज पापलेट ताजं आहे ना?" तेव्हा मावशी पाटीकडे न बघता म्हणाल्या, "दुसऱ्याच्या होडीचं हाय, वयनी. मी काय सांगू?" त्या बाजारात कधी ओरडत नसत. बाकीच्या कोळणी गिऱ्हाइकाला लांबून हाका मारायच्या. मावशी गप्प बसून माश्या वारायच्या.

नाखव्यांची नि माझी खरी गाठ पडली ती एका इंग्रजी पत्रकामुळे. रबाळ्याच्या बाजूला एका शेडमध्ये फायबरच्या छोट्या होड्या बनायला लागल्या होत्या. त्यांचं गुळगुळीत रंगीत पत्रक त्यांनी कुठूनतरी मिळवलं आणि माझ्यासमोर धरलं.

"बाय, हे वाच नि मना सांग."

मी अडखळत मराठी करून सांगितलं. हलकी, रंगवावी न लागणारी, कीड न लागणारी आणि कधीही न बुडणारी.

"परत वाच. कधी काय?"

"कधीही न बुडणारी."

"आसं छापलंय?" ते विचारात पडले. "मी झाडावरना कवाच पडनार नाय, आसं बोलनाऱ्याच्या मागं झाडावर चढू नये."

तरीही बघायला गेलोच. मावशींनी मला बरोबर पाठवलं, कारण तिथला माणूस इंग्रजी-हिंदीत बोलायचा. टाय लावलेला एक तरुण विक्रेता आमच्यापुढे होडीची लांबी, रुंदी, वजन सांगत होता. मी मान खाली घालून एकेक वाक्य मराठीत आणत होते. वळून पाहिलं तर नाखवा नव्हते. ते प्रदर्शनातल्या होडीत उताणे झोपले होते. डोळे मिटलेले. विक्रेत्याचं बोलणं थांबलं.

"अंकल की तबियत ठीक है?"

मला लाजेने जमीन दुभंगावी असं वाटलं. होडी बघायची नाखव्यांची ही पहिली परीक्षा होती, हे मला मागाहून कळलं. थकलेला माणूस जिच्यात पाठ टेकू शकत नाही ती होडी घ्यायची नाही, असा त्यांचा नियम. पाच मिनिटांनी ते उठले आणि विक्रेत्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमची बायको कवा बसली का हिच्यात?"

मी प्रश्न हिंदीत केला. तो लाल होऊन म्हणाला, "मेरी शादी नहीं हुई।"

"बरा," नाखवा निघता निघता म्हणाले, "लगीन झालं का कळव. मंग येतो."

ही त्यांची दुसरी परीक्षा, आणि ते तिच्यापुढे पहिलीला काही समजत नसत. होडीची माहिती मालकाला विचारायची नाही, मालकिणीला विचारायची. "मरद होडीची कीर्ती सांगतो, बाय. बाई तिचं दुखनं सांगते. कुटं गलते, कवा उशिरा आली, किती येला ठिगल मारलं, समदा बाईच्या ध्यानात रव्हतं. ती दारात बसून मोजत असते ना."

तिसरी परीक्षा गुडघ्यांची. मोठी होडी कोणालाही आवडते, ते म्हणत, पण ओहोटीला ती चिखलातून वर ओढायची कोणी? घरात माणसं दोन. लेक लग्न होऊन दिघ्याला गेलेली. "चार गुडग्यांना ओढवंल तेवढीच होडी आपली. बाकी समद्या लोकांच्या." करंज्याच्या बाजूला एक सुरेख होडी, इंजिनासकट, त्यांच्या आवाक्यातल्या पैशांत मिळत होती. त्यांनी तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, खांदा लावला, एकदा जोर केला, तिला नमस्कार केला आणि घरी आले.

अशा किती पाहिल्या कोण जाणे. एक नाकारली कारण मालकीण तिच्याबद्दल फार गोड बोलली. एक नाकारली कारण मालकीण रडली. एका होडीत झोप इतकी छान लागली की मालकाला त्यांना हलवून उठवावं लागलं, पण ती सहा गुडघ्यांची निघाली. कोळीवाड्यातली माणसं त्यांना बघून विचारायची, "काय नाखवा, पोरगी पसंत पडली का?" आणि ते गंभीरपणे सांगायचे, "नाकात थोरी उनी हाय."

मावशी मात्र त्या वर्षी हसायच्या थांबल्या. जावई रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याने तिथल्या गेटवर सासऱ्यासाठी वॉचमनच्या जागेचा शब्द घेतला होता. मावशींनी एक दिवस ओटीवर सर्वांसमोर सांगून टाकलं.

"नारळी पुनवेला तुमची होडी पान्यात दिसली पायजे. नाय दिसली, तर दुसऱ्या दिशी खाकी घालायची नि जावयाच्या मागं स्कूटरवर बसायचं."

"अगो, गेटवर बसून मी काय राखू?"

"लोकांचा कारखाना राखा. घर तीन सालं मी राखतेय."

त्या दिवशी नाखव्यांनी आमची नवी बादली वाजवून बघायलाही नकार दिला.

पौर्णिमेला आठवडा उरला तेव्हा खाडीपलीकडच्या गावातल्या एका म्हातारीच्या होडीवर ते येऊन थांबले. ती त्यांनी त्याआधी तीनदा पाहिली होती. चौथ्यांदा मावशी हटून बरोबर आल्या आणि कागद झालाच तर वाचायला म्हणून मलाही घेतलं. म्हातारीचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. होडी तेव्हापासून छपराखाली होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. लहानशी, सागाची, बेताच्या किमतीची. नाखवा आडवे झाले, उठले, पाठीला लागलेलं पीस झटकलं आणि म्हातारीसमोर उकिडवे बसले.

"काकी, ही कवा उशिरा आली?"

"होडी कवा उशिरा नाय आली. होडी येलेवर बंदराला लागायची. तो उशिरा यायचा. मधी गुत्ता होता."

"तुला रडवलंय कवा हिनं?"

"हिनं?" म्हातारीने होडीच्या कडेवरून हात फिरवला. "हिनं नाय."

मला वाटलं, झालं. ह्याहून चांगलं उत्तर कोणती बाई देणार? पण नाखवा उठून होडीभोवती फिरले, पेराने वाजवलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बगू. पुनवेच्या आधी कलवतो."

मावशींनी पदर खोचला. एका कोंबडीला हाकललं, होडीत पाय टाकला आणि मधल्या फळीवर मांडी घालून बसल्या.

"हे काय करतेस?"

"मी आता उतरनार नाय. घ्यायची तर माझ्यासकट घ्या."

"अगो, पोरीच्या समोर..."

"पोरीला पन बसवते. ये गो बाय."

मी आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता कोणाचं ऐकलं आणि होडीत जाऊन बसले. म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती. नाखव्यांनी नाळेला खांदा लावला आणि जोर केला. आम्हा दोघींसकट होडी वीतभर सरकली. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "काकी, कोंबड्यांची काय सोय करशील?"

कोरडी होडी पाण्यातून आणता येत नाही, म्हणून ती टेम्पोतून आली. नव्या वसाहतीच्या रुंद रिकाम्या रस्त्यावरून टेम्पो चालला होता आणि नाखवा होडीत ताठ बसले होते, घोड्यावरच्या नवऱ्यासारखे. सिग्नलला थांबलो की ते शेजारच्या स्कूटरवाल्याकडे बघून मान डोलवत.

घरी येताच त्यांनी होडी धक्क्याच्या कडेला उथळ पाण्यात लोटली, तिच्यात मोठाले दगड भरले आणि काठोकाठ पाणी येईपर्यंत ती बुडवली. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "दोन सालं तानेली हाय ती. लाकूड सुकलं का फल्या आकसतात, फटी पडतात. आता तिला पोटभर पिऊ दे. चार दीस प्याली का लाकूड फुगंल नि फटी आपसूक मिटतील. मंग दगड काढायचे." पौर्णिमेला नेमके चार दिवस होते.

हे मी घरी सांगितलं नाही. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची मला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. नाखवा आणि मावशी दोरखंड आणायला मुंबईला गेले होते. बाबा सकाळी पेपर घेऊन धक्क्यावर फिरायला गेले, ते दुपारी जेवायच्या वेळी चिखलाने माखून आणि अतिशय आनंदात परत आले.

"आज एक चांगलं काम झालं हातून," ते आईला म्हणाले. "नाखव्यांची होडी बुडाली होती बिचारी! कोणीतरी मेल्याने आत दगडसुद्धा टाकले होते. मी वसाहतीतले चौघं गोळा केले. सगळे दगड काढले, पाणी उपसलं, उलटी करून उन्हात वाळत घातली. आता कशी खडखडीत होईल."

माझा घास हातातच राहिला. "बाबा," मी म्हणाले, "ती मुद्दाम बुडवली होती."

सगळं सांगून झालं तेव्हा बाबांचा चेहरा मला बघवेना. आई फक्त एवढंच म्हणाली, "ऊन आज नेमकं किती कडक पडलंय."

संध्याकाळी नाखवा आले तेव्हा बाबा चिखलाच्याच कपड्यांत धक्क्यावर उभे होते. नाखव्यांनी उलट्या होडीभोवती एक फेरी मारली. ठोकून पाहिलं. मग होडीखाली शिरले. आतून त्यांचा आवाज आला, "सायेब, जरा डावीकडं सरका."

बाबा सरकले.

"आता दिसलात. या फटीतना तुमचं तोंड दिसतं, नि या फटीतना तुमचं घर."

बाबा म्हणाले, "नाखवा, मी काय बोलू..."

नाखवा बाहेर आले. त्यांच्या अंगाला वाळू लागली होती. "तुमी बुडत्याला काढलंत, सायेब. त्यात वाईट काय? आमच्यातला कोन हिच्याकडं बगून थांबला पन नसता." मग मावशींकडे न बघता म्हणाले, "तीन दीस हायेत अजून."

मावशींनीही त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या आकाशाकडे बघत होत्या.

होडी पुन्हा बुडवली. दगड ह्या वेळी बाबांनी वाहिले. आणि परत कोणी भला माणूस तिला वाचवायला येऊ नये म्हणून दिवसभर तिथे कोणीतरी बसायला हवं होतं. नाखव्यांना जाळं विणायचं होतं, मावशींना बाजार होता, बाबांना ऑफिस. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

नव्या वसाहतीतल्या लोकांना खाडी नवी होती. सकाळ-संध्याकाळ ते हवा खायला धक्क्यावर येत, आणि प्रत्येकाला वाटे की ही होडी आपणच पहिल्यांदा पाहिली. "अहो मॅडम, बोट बुडतेय!" पहिल्या गृहस्थांना मी काय उत्तर दिलं ते त्यांना ऐकूच गेलं नाही. ते पँट वर करून पाण्यात उतरले, तेव्हा मला उभं राहून ओरडावं लागलं. एका बाईंनी घरून बादली आणली. एका स्कूटरवाल्याने मलाच संशयाने विचारलं, "दगड तुम्ही टाकलेत?" मी "हो" म्हणाले. तो पोलिसांना बोलावणार होता, पण मी त्याला लाकूड, फटी आणि तहान ह्यांबद्दल सगळं समजावलं, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी मुलांना दाखवायला घेऊन आला. शेवटी शेवटी तर कोणी लांबून हात वर केला की मीच आधी सांगायची, "बुडू दे हो तिला! बरी आहे ती!"

नारळी पौर्णिमेला धक्का गजबजला होता. रंगवलेल्या होड्या, पताका, सोनेरी कागदातला नारळ. जावई आला होता, आणि त्याच्या हातात इस्त्री केलेला खाकी शर्ट होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. नारळ वाहून झाला. नाखव्यांनी आपल्या होडीतले दगड काढले, पाणी उपसलं आणि तिला ढकललं. ती तरंगली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग तळाशी पाणी दिसायला लागलं. भसकन नाही, हळूहळू, पण थांबेना. मधल्या दोन फटी मिटल्या नव्हत्या.

"आय, ही बुडतेय," जावई म्हणाला.

"पान्यात दिसली पायजे बोलली व्हतीस," नाखवा म्हणाले. "दिसते ना?"

"पान्यात नि पान्याखाली यात फरक हाय," मावशी म्हणाल्या. "जाऊन या. पाटीत काय पडलं तर मानीन."

पाग, म्हणजे हाताने टाकायचं जाळं, फेकायचा तर दोन्ही हात मोकळे हवेत. आत येणारं पाणी उपसायला दुसरा माणूस हवा. नाखव्यांनी जावयाकडे बघितलं. जावयाने आपल्या टेरिलीनच्या पँटकडे बघितलं. कोळीवाड्यातले बाकी सगळे आपापल्या होड्यांत चढले होते.

बाबांनी चपला काढल्या. चष्मा आईच्या हातात दिला आणि नाखव्यांच्या हातातला पत्र्याचा डबा घेऊन, सणासाठी घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यानिशी ते होडीत उतरले. आई म्हणाली, "अहो, तुम्हाला पोहता येत नाही." बाबा म्हणाले, "उपसता येतं."

पुढचा एक तास आम्ही धक्क्यावरून ते बघत होतो. एक माणूस उभा राहून जाळं फेकायचा. दुसरा वाकून एकसारखा डबा भरायचा आणि रिकामा करायचा, मान वर न करता, बँकेत शिक्के मारावेत तसा. मावशी खाली बसल्या नाहीत. जावयाने शर्टाचा पुडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

परत आले तेव्हा पाटीत सात बोय, ओंजळभर कोलंबी आणि एक रागावलेली चिंबोरी होती. मावशींनी एकेक मासा हातात घेऊन कल्ला उघडून बघितला, गिऱ्हाईक बघतं तसा. मग सगळे परत पाटीत ठेवले आणि पाटी डोक्यावर घेतली.

"सणाला तरी घरात ठेव," नाखवा म्हणाले.

"इकायचे हायेत," मावशी म्हणाल्या आणि बाजाराकडे निघाल्या. आई आणि मी मागोमाग गेलो. त्यांनी पाट मांडला, पाणी शिंपडलं आणि एवढ्या मोठ्याने हाक दिली की पलीकडच्या रांगेतला कांदेवाला दचकला, "ताजी बोय! आमच्या घरच्या होडीची! पानी अजून गलतंय बगा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता जावई स्कूटर घेऊन दारात हजर झाला. मावशी ओटीवर बसून विळीला धार लावत होत्या.

"आय, मामा तयार हायेत का?"

"ते कामावर गेलेत," मावशी म्हणाल्या.

"कंच्या कामावर?"

मावशींनी हनुवटीनेच खाडीकडे दाखवलं. जावयाने वळून तिकडे बघितलं. मग म्हणाला, "एकटेच गेलेत? ती गलते ना अजून."

"सायेब गेलेत ना, पानी काढायला."

हे ऐकून आई आतून धावत बाहेर आली. तिच्या हातात बाबांचा ऑफिसचा डबा होता, भरलेला.